सीट पुढे येत नाही

दादा गेला आणि दुसऱ्या आठवड्यात कंपनीची माणसं येऊन व्हॅन घेऊन गेली. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. व्हॅन कंपनीची होती. दादाही नऊ वर्षं कंपनीचाच होता. फरक एवढाच, की त्याला त्यांनी परत मागितलं नाही.

दादा गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. परदेशात, शहरापासून इतक्या लांब, की तिथे माणसांपेक्षा गाई जास्त आणि गाईंपेक्षा वारा जास्त. एका गोठ्यात पंपाचं झाकण उघडून बसला असताना तो बसल्या जागी गेला. गाईंना कळलं नाही. मालकाला वाटलं, माणूस विचार करतोय. वीस मिनिटं त्याने दादाला शांतपणे विचार करू दिला. आमच्या घराण्यात एवढा वेळ विचार केलेला तो पहिलाच.

मला आईने पाठवलं. सामान भरताना तिने एकच काम सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, माझे मोजे गुंडाळत. "तिला घेऊन ये. माझ्यापाशी तो चोवीस वर्षांचा होईपर्यंतचा आहे. पुढची नऊ वर्षं तिच्यापाशी आहेत."

मी बरं म्हटलं. घरातल्या शेंडेफळाला दुसरं काही म्हणता येत नाही.

वहिनी मला बस थांब्यावर घ्यायला आली ती शेजारच्या आजोबांच्या गाडीतून. आजोबा, त्यांचा कुत्रा, वहिनी आणि मी. त्या गावात बस मंगळवारी आणि शुक्रवारी येते. बाकीच्या दिवशी तुम्ही आहात तिथेच बरे आहात असं सरकारचं मत आहे. वहिनीचं काम अकरा किलोमीटरवर, एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात. महिनाअखेरपर्यंत आजोबा सोडणार होते, आणून टाकणार होते. त्यानंतर ते कुत्र्यासकट मुलीकडे राहायला जाणार होते. म्हणजे महिना संपायच्या आत वहिनीकडे गाडी नसेल, तर काम सुटणार, आणि काम सुटलं की राहायची परवानगीही सुटणार.

पहिल्याच संध्याकाळी मी आईचा निरोप दिला. वहिनीने ऐकून घेतला, माझ्यापुढचं ताट उचललं आणि म्हणाली, आधी एक गाडी बघू. छोटी, स्वस्तातली. जमलं तर राहीन, नाही जमलं तर येईन. तू आहेस तोवर बघून टाकू, तुला गाड्यांमधलं कळतं.

हे स्पष्ट केलं पाहिजे. मी गाड्यांच्या विम्याच्या फोनवर सहा महिने नोकरी केली आहे. गाडी आपटल्यावर समोरच्याशी किती हळुवारपणे बोलायचं, एवढंच मला येतं. आमच्या घरात त्याला गाड्यांमधलं कळणं म्हणतात.

वहिनीकडे परवाना होता. चार वर्षांपूर्वी दादाने मागे लागून काढायला लावला होता. पण व्हॅन फक्त दादानेच चालवायची असा कंपनीचा नियम, आणि दादा नियमाचा पक्का. त्यामुळे परवाना कपाटात आणि वहिनी दादाच्या शेजारच्या सीटवर. नऊ वर्षं. मला वाटतं, आपण कुठे बसतो हे तिला डोक्याने नाही, पायांनी पाठ झालं होतं.

कारण पहिल्या गाडीपाशी आम्ही गेलो आणि वहिनी सरळ पलीकडच्या दाराने आत बसली. पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघत राहिली. विकणाऱ्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी वहिनीकडे. वहिनी काचेकडे. अर्ध्या मिनिटाने मी मुकाट्याने चालकाच्या जागी बसलो. नंतर प्रत्येक गाडीला हेच झालं. ती शेजारी बसायची, समोरचा खण उघडून बघायची, काच वरखाली करायची, पाय लांब करायची आणि मग आपलं मत द्यायची. गाडी तिला चालवायची होती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण बोललं कोणी नाही. मी का बोललो नाही, ते माझ्यापाशी आहे.

माझा हिशेब सोपा होता. चांगली गाडी मिळाली तर वहिनी राहणार, आणि आई दाराकडे डोळे लावून बसणार. म्हणून मी जाहिरातींमधून निवडून निवडून वाईट गाड्या काढल्या. एकीत मेंढ्यांचा इतका वास होता, की मेंढी आतच असेल असं वाटून मी मागे दोनदा बघितलं. दुसरी एका निवृत्त संगीत शिक्षकांची. तिची दारं फक्त बाहेरून उघडायची. मास्तर खिडकीतून बाहेर आले, कपडे झटकले, हात पुढे केला. इतकी वर्षं असेच उतरतो म्हणाले, शरीर लवचीक राहतं. वहिनीने तिथल्या भाषेत त्यांचे आभार मानले. माझी त्या भाषेत मजल नमस्कार आणि पाऊस यांच्यापुढे नव्हती, त्यामुळे मी म्हटलं, नमस्कार, पाऊस. मास्तरांनी आकाशाकडे बघितलं.

तिसरी गाडी मी हसं व्हावं म्हणून काढली होती. हळदीच्या रंगाची, दोन दारांची, एवढीशी. छप्पर कापडाचं, हाताने मागे गुंडाळायचं. शेतातल्या रस्त्यावर, चिखलात, वाऱ्यात, असली गाडी म्हणजे लग्नातले बूट घालून नांगरायला जाणं. दादाचे गाडीबद्दलचे विचार मला पाठ होते. चार दारं, डिझेल, जादा चाक, आणि रंग असा की मळ दिसू नये. या गाडीत त्यातलं एकही नव्हतं.

मालक खोलीतून बाहेर आला तो येतच राहिला. इतका उंच माणूस मी जवळून कधी पाहिला नव्हता. तो गाडीत बसून दाखवायला लागला तेव्हा शिडी मिटतात तसा टप्प्याटप्प्याने मिटला. गुडघे आता ऐकत नाहीत, म्हणून विकतोय म्हणाला.

वहिनी शेजारच्या सीटवर बसली आणि त्याने छप्पर उघडलं. वहिनीने मान वर केली. वर नुसतं आभाळ होतं, तेही राखाडी. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या दादाने ही जन्मात घेतली नसती." त्यात तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हतं. पण दादा गेल्यापासून तिच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य होतं ज्यात जेवण, कागदपत्रं किंवा बस नव्हती.

मग ती उतरून छपराचं कापड कुठे फाटलंय का ते बघायला मागे गेली. मी चालकाच्या जागी बसलो, तेव्हा उंच माणसाने वाकून सीटखालची दांडी ओढली, सीटला धक्का दिला, मान हलवली, सीटवर मूठ आपटली आणि हसला. नंतर आपल्या पायांकडे बोट केलं. हे कळायला भाषा लागत नाही. सीट अगदी मागे सरकवलेली, गंजून तिथेच बसलेली. त्याला पुढे घ्यायची कधी गरजच पडली नव्हती. मी पावणेसहा फूट, माझेही पाय जेमतेम पोचले.

वहिनी चार फूट दहा.

मी आरशातून बघितलं. ती दोन बोटांनी कापडाची शिवण चाचपत होती, धुलाईघरातल्या सवयीने. मी काही बोललो नाही. फोनवरच्या नोकरीत आम्हाला शिकवलं होतं, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. गाडी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी वहिनी अंगणात सराव करायला लागली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचो. ती सीटच्या टोकावर बसायची, विहिरीच्या काठाला धरावं तसं स्टीअरिंग धरून. क्लच दाबायला पाय ताणला की डोकं काचेखाली जायचं, डोकं वर काढलं की पाय सुटायचा. गाडी एक उडी मारून गप्प. सोमवारी तिने पाठीमागे उशी घेतली. मंगळवारी दोन उशा. बुधवारी दादाचं कामावरचं जाड जाकीट गुंडाळून उशांच्या मागे कोंबलं. क्लच दाबला की जाकीट, उशा आणि वहिनी, तिघंही मागे दबायची.

गुरुवारी ती आत आली. केस कपाळाला चिकटलेले. "ही सीट पुढे येत नाही का रे?"

आणि मी, घरातला गाड्यांमधला जाणकार, चहा ढवळत म्हणालो, "या मॉडेलला नसेल."

तिचा विश्वास बसला. तेच तर वाईट. दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. सीट सरकते हे तिला माहीत होतं. नऊ वर्षं ती स्वतःची सरकवत आली होती. पण घरच्या माणसाने, ज्याला कळतं त्याने सांगितलं. ती म्हणाली, मग माझेच पाय आखूड. आणि हात धुवायला गेली.

शुक्रवारी तिने पेडलना लाकडाचे ठोकळे दोरीने बांधून बघितले. ब्रेकचा ठोकळा फिरून क्लचच्या खाली गेला आणि गाडी कोपऱ्यातल्या कुंपणाला हळूच टेकली. कुंपण वाकलं. वहिनी बराच वेळ उतरली नाही. रविवारी तिने आईला फोन केला आणि म्हणाली, येते मी. आईला पलीकडे काही बोलताच येईना. मी शेजारी बसून आईचं ते न बोलणं ऐकत होतो. काम फत्ते झालं होतं.

सोमवारी ती राजीनामा द्यायला निघाली. सामानाचे खोके उचलायला मला बरोबर नेलं. आजोबांची गाडी, कुत्रा, मांडीवर पर्स, पर्समध्ये राजीनाम्याचं पाकीट.

धुलाईघर तळघरात होतं. तीन मोठी यंत्रं, वाफेची इस्त्री, आणि एका भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण. ब्याऐंशी खण, प्रत्येक खणात एका म्हाताऱ्या माणसाचे कपडे. हाताखाली नवीनच लागलेली बाई वही घेऊन उभी होती आणि वहिनी तिला एकेक खण समजावून सांगत होती. मध्येच मला मराठीत सांगायची, मी नुसताच उभा होतो म्हणून. या आजींचे हात थरथरतात, सदऱ्याची बटणं वर येतील अशी घडी घालायची. हे आजोबा निळ्याच बाजूला झोपतात, चादर उलटी गेली तर दिवसभर रुसतात. यांना कपडे गरम लागतात, यंत्रातून काढले की धावत न्यायचे. या बाई मागच्या पंधरवड्यात वारल्या. मुलगा यायचाय लांबून. तो येईपर्यंत मोजे खणातच ठेवायचे, रिकामा खण बघून त्याला बरं वाटणार नाही.

नवी बाई सगळं लिहून घेत होती. तीन खणांनंतर तिने लिहिणं थांबवलं आणि नुसती बघत राहिली.

वहिनीचं आणखी एक काम होतं. कपडे मिसळू नयेत म्हणून प्रत्येक कपड्याला आतून नावाची कापडी पट्टी शिवायची. पट्ट्यांचा डबा नव्या बाईला देताना तळाशी एक गुंडाळी निघाली. चाळीसेक पट्ट्या सलग, अजून न कापलेल्या. त्यावर दादाचं नाव होतं. कंपनीच्या धोबीखान्यात त्याचे कामाचे कपडे हरवायचे, म्हणून तिने इथल्या यंत्रावर छापून घेतल्या होत्या.

तिने गुंडाळी माझ्यापुढे धरली. "यांचं काय करू रे? टाकवत नाहीत. आणि शिवायला आता काही नाही."

मला खूप विनोद सुचतात. शोकसभेत, दवाखान्यात, कुठेही. त्या वेळी एकही सुचला नाही.

"वहिनी, सीट पुढे येते."

"कुठली सीट?"

"गाडीची. सगळ्या गाड्यांची येते. हिची गंजून अडकलीय. त्या उंच माणसाने मला दाखवलं होतं, तू मागे छप्पर बघत होतीस तेव्हा."

वहिनीने गुंडाळी खाली ठेवली आणि एक टॉवेल घडी करायला घेतला. तो झाला. दुसरा घेतला. तोही झाला. तिसऱ्याची टोकं तिने जुळवली, पुन्हा उलगडली, पुन्हा जुळवली.

"आईंनी सांगितलं होतं?"

"नाही. आईने फक्त घेऊन ये म्हटलं. सीटचं माझं."

"मी आठवडाभर माझ्या पायांना नावं ठेवली," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

पाकीट पर्समध्येच राहिलं. परत येताना ती मागे कुत्र्याशेजारी बसली आणि मला पुढे बसवलं. आजोबांना आमची भाषा येत नव्हती, पण माणसं कळत होती. त्यांनी रस्ताभर रेडिओ लावला नाही. पुढचे दोन दिवस वहिनी माझ्याशी बोलली ती फक्त मीठ आहे का आणि दार लाव, एवढंच. मी दार इतक्या वेळा लावलं की कडीचा स्क्रू ढिला झाला.

गुरुवारी मी दादाच्या सोबत काम करणाऱ्याकडे गेलो. चालत, सहा किलोमीटर, आणि सीटचं त्याला हातवारे करून समजावलं. तो घरी आला ते दादाचीच व्हॅन घेऊन; आता ती त्याच्याकडे होती. वहिनी दारात आली, व्हॅनकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. तो खजील होऊन व्हॅन शेजाऱ्यांच्या भिंतीमागे लावून आला. हातात हातोडी, पाइपाचा एक तुकडा आणि मलमाचा मोठा डबा. गाईच्या सडांना लावायचं मलम. गंजाला याच्यासारखं काही नाही, तुझ्या दादानेच शिकवलं, असं तो म्हणाला. वहिनीने दारातून भाषांतर केलं. मला उद्देशून नाही, हवेला उद्देशून.

मलम लावलं, ठोकलं, वाट बघितली. सीट ढिम्म. मग तो म्हणाला, वजन हवं. वहिनी सीटवर बसली. मी मागे शिरलो. तिथे फक्त पिशवी ठेवायची जागा होती. मी स्वतःची पिशवी केली आणि दोन्ही पाय सीटच्या पाठीला लावले. तो खालून पाइपाने दांडी उचकटत होता. तीन म्हटलं की रेटायचं. पहिल्या तीनला काही नाही. दुसऱ्याला माझ्या पाठीत कट्ट झालं. तिसऱ्याला सीट ओरडली आणि एका दमात पार पुढे गेली.

वहिनी स्टीअरिंगवर आपटली आणि हॉर्न वाजला. मग तो वाजतच राहिला. मला मागून तिचं डोकं दिसत होतं. स्टीअरिंगवर टेकलेलं, हलत नव्हतं. नंतर खांदे हलायला लागले. हॉर्न एवढा मोठा, की तिचा आवाज कोणालाच ऐकू येत नव्हता, आणि मला वाटतं, तिला तेच हवं होतं. तिसऱ्या घरातून एक बाई बाहेर आल्या, परत आत गेल्या. दादाच्या सोबत्याने टोपी काढून हातात घेतली. मी अडकलेलो होतो. पाय पोटाशी, मान वाकडी. तिच्या पाठीवर हात ठेवावा म्हटलं तर हात माझ्याच अंगाखाली.

हॉर्न थांबल्यावर तिने डोळे पुसले, सीट दोन खाचा मागे घेतली, क्लच दाबला. पाय टेकला. "उतर," ती मला म्हणाली. मला उतरता येत नव्हतं. म्हणून तिची पहिली फेरी मला घेऊनच झाली. एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं आणि हात केला.

महिना संपायच्या आत ती एकटी कामावर जायला लागली. आईला मात्र कोणीच काही सांगितलं नव्हतं. आईने तोवर दादाची खोली आवरून ठेवली होती. खिडकीला कुठल्या रंगाचा पडदा लावू, तिला विचार, असं मला दोनदा फोनवर विचारून झालं होतं. मी म्हटलं होतं, विचारतो.

निघायच्या शुक्रवारी वहिनीने मला बस थांब्यावर सोडलं. थांबा म्हणजे शेताच्या कडेला एक खांब. बसला अजून वेळ होता. ती म्हणाली, फोन लाव आईंना. मी लावला. तिने माझ्या हातातून घेतला.

"आई, मी येत नाहीये," ती म्हणाली. मग ऐकून घेतलं. "नाही, तो काही बोलला नाही. माझं मी ठरवलं. ... हो. ... हो, आई." तिने डोळे मिटले. "तुम्ही विचारा मला. काय हवं ते. रोज विचारा. जे जे आठवेल ते सगळं सांगते."

मला वाटलं होतं, आई शेवटच्या दिवसाबद्दल विचारेल. फोनमधून तिचा आवाज बारीक येत होता. तिने विचारलं, तो गाडी कशी चालवायचा. इथे असताना त्याला कधी चालवताना बघितलंच नाही, म्हणाली.

"हळू," वहिनी म्हणाली. "फार हळू, आई. मागे रांग लागायची. आणि वळणावर बोलायचं थांबायचे. अर्ध्या वाक्यात. वळण संपलं की तिथूनच पुढे."

मी उतरलो. दार लावलं. वहिनीने काच वर घेतली. बाहेर वारा होता, आतलं काही ऐकू येत नव्हतं. फक्त दिसत होतं. ती एका हाताने हवेत स्टीअरिंग फिरवून दाखवत होती, आईला दिसत असल्यासारखं. एकदा हसली. एकदा फोन छातीशी धरला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं, माझ्या विरुद्ध बाजूच्या.

बस आली. माझी पिशवी डिकीत होती, तिकीट फोनमध्ये, आणि फोन तिच्या कानाला. काचेवर एक टकटक केली असती तरी पुरे होतं. चालकाने दार उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, नमस्कार. पाऊस.

त्याने आकाशाकडे बघितलं, थोडं थांबला आणि दार लावून घेतलं. पुढची बस मंगळवारी.